अंबानगरीचा फायटर : मास्टर भगवान

होस्टेलवर राहून ‘कुंग फू हसल’ पाहिला नाही असा पोट्टा सापडणं कठीण. स्टीफन चाऊचा हा २००४ सालचा हाँगकाँगचा पिच्चर म्हणजे जुन्या फायटिंगच्या पिच्चरांना हसत हसत केलेला नमस्कार. त्यात एक गरिबांची चाळ आहे. तिथला हमाल, शिंपी, खाऊवाला हे सगळे प्रत्यक्षात रिटायर झालेले उस्ताद निघतात. गंमत म्हणजे पडद्यामागेही तसंच आहे. चाळीच्या मालकाचं काम करणारा युएन वा हा एकेकाळी ब्रूस लीचा डुप्लिकेट होता. ‘एंटर द ड्रॅगन’मधल्या (१९७३) काही कोलांट्या त्याच्याच. चाऊनं अशा जुन्या माणसांना शोधून आणलं आणि पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभं केलं.

आता असं पाहा, तशी एक चाळ आपल्याकडेही खरोखर होती, मुंबईत दादरला. तिथेही एक जुना फायटर राहत होता, आणि तो जन्मानं आपल्या अमरावतीचा. परतवाड्याहून पन्नासेक किलोमीटरवर जन्मलेला हा माणूस आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? नाव भगवान आबाजी पालव. सिनेमावाले त्यांना मास्टर भगवान म्हणायचे आणि बाकी सगळे भगवानदादा.

त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ चा. पुढच्याच वर्षी अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायामशाळा काढली. तिचंच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं आणि त्याच्या पथकानं १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखवले. म्हणजे मल्लखांब, लाठी, कुस्ती हे त्या काळच्या अमरावतीच्या हवेतच होतं. भगवानदादांना मात्र ती हवा फार मिळाली नाही. आडनावावरूनच कळतं की घराणं कोकणातलं. वडील कापडगिरणीत कामगार होते. गिरणी कामगाराचं घर म्हणजे काय, हे अचलपूर-परतवाड्याच्या माणसाला समजावून सांगायला नको. कुटुंब मुंबईत दादरला आलं, पोराची शाळा लवकर सुटली आणि मजुरी सुरू झाली.

या पोराला दोन वेडं होती, एक व्यायामाचं आणि दुसरं डग्लस फेअरबँक्सचं. फेअरबँक्स म्हणजे अमेरिकेच्या मूकपटांचा हिरो. ‘द मार्क ऑफ झोरो’ (१९२०), ‘द थीफ ऑफ बगदाद’ (१९२४) यांत तो भिंती चढायचा, गच्च्यांवरून उड्या मारायचा, तलवार चालवायचा, आणि हे सगळं हसत हसत करायचा. हे ‘हसत हसत’ महत्त्वाचं. भगवानदादांनी त्याच्याकडून फायटिंग घेतली तशी ही मिश्किली पण घेतली. नुसती मारामारी करणारे पुष्कळ होते, पण मार देताना आणि खाताना पब्लिकला हसवणारे थोडेच.

मूकपटांचा जमाना संपता संपता, १९३१ च्या सुमारास, त्यांना पडद्यावर पहिलं काम मिळालं. १९३४ मध्ये ‘हिम्मत-ए-मर्दां’ हा बोलपट आला. त्यात ललिता पवार होत्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १९३८ मध्ये चंद्रराव कदमांच्या जोडीनं दिग्दर्शन केलं, ‘बहादूर किसान’. त्यानंतर गाडी सुसाट निघाली. कमी पैशात, कमी दिवसांत उरकलेले स्टंटपट, एकामागून एक. मोठ्या लोकांच्या थिएटरात त्यांना मान नव्हता. पाहणारे म्हणजे मजूर, टांगेवाले, हमाल, शाळा बुडवणारी पोरं. दादा डुप्लिकेट वापरत नसत. उडी त्यांचीच, मारही त्यांचाच. आपण आज वायर, क्रेन आणि कॉम्प्युटर यांच्या भरवशावर फायटिंग बघतो. तिथे गुरुत्वाकर्षण सोडून दुसरं कोणतंच यंत्र नव्हतं बाप्पा!

मधेच त्यांनी मद्रासला जाऊन तमिळ पिच्चरसुद्धा केले. ‘वनमोहिनी’ (१९४१) हा त्यातला गाजलेला, जंगलातल्या मुलीची गोष्ट, हॉलिवूडच्या जंगलपटांच्या धर्तीवर. संगीत दिलं पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकर नावाच्या तरुणानं. हेच पुढचे सी. रामचंद्र. संगीतकार म्हणून त्यांना पहिली संधी भगवानदादांमुळेच मिळाली. दोस्ती आयुष्यभर टिकली.

आता ती न टाळता सांगायची गोष्ट. साल १९४२, पिच्चर ‘जंग-ए-आझादी’. एका सीनमध्ये दादांनी ललिता पवारांच्या थोबाडीत मारायची होती. खोटी मारायची ती खरी बसली, आणि जोरात बसली. डाव्या डोळ्याजवळची शीर दुखावली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. जवळपास तीन वर्षं उपचार चालले. डोळा कायमचा बारीक झाला आणि हिरॉइन म्हणून त्यांचं करिअर तिथंच थांबलं. ती बाई मात्र खचली नाही. त्याच बारीक डोळ्यानं त्यांनी अख्ख्या देशाला घाबरवलं, खाष्ट सासू म्हणून, आणि पुढे टीव्हीवरच्या ‘रामायण’मध्ये मंथरा म्हणून. ‘अनाडी’ला (१९५९) फिल्मफेअरही मिळवलं.

दादांनी हे मुद्दाम केलं असं कोणीच म्हणत नाही. पण माझ्या मते स्टंटपटांचं सगळं कौतुक करताना ही थप्पड बाजूला ठेवता येत नाही. जिथे सगळंच खरं करायची सवय लागते, तिथे किती जोर लावायचा याचा अंदाज एखाद्या वेळी चुकतो, आणि त्याची किंमत समोरचा माणूस देतो. वर्कशॉपमध्ये आपल्याला गॉगल घाला म्हणून इन्स्ट्रक्टर सर ओरडतात. त्या सेटवर असं ओरडणारं कोणी नव्हतं.

त्याच वर्षी दादा निर्माते झाले, जागृती पिक्चर्स. १९४७ मध्ये चेंबूरला स्वतःचा जागृती स्टुडिओ उभा केला. मजुरी करणारा माणूस पस्तिशीच्या आत स्टुडिओचा मालक! तरी सिनेमाच्या मोठ्या वर्तुळात ते स्टंटवालेच राहिले. तेव्हा राज कपूरनं त्यांना सुचवलं की आता एखादा सामाजिक पिच्चर काढा. दादांनी मनावर घेतलं आणि निघाला ‘अलबेला’ (१९५१).

हिरो स्वतः. ठेंगणे, गोलमटोल, चाळिशीकडे झुकलेले. हिरॉइन गीता बाली, त्या वेळची टॉपची नटी. लोकांनी ही जोडी ऐकून हसून घेतलं असणार. गोष्ट साधीच, नाटकात काम करायचं वेड असलेला गरीब घरातला प्यारेलाल, घरातून बाहेर पडतो, नाव कमावतो, आणि इकडे घरचे मात्र हाल सोसतात. खरा मामला गाण्यांचा होता. सी. रामचंद्रांनी बोंगो, ट्रम्पेट, सॅक्सोफोन असा विलायती सरंजाम घेतला, चितळकर या नावानं स्वतः गायले आणि सोबत लता. गोव्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट तर आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतो. ‘आवारा’ आणि ‘बाजी’ ज्या वर्षी आले त्याच वर्षी हा पिच्चर त्यांच्या बरोबरीनं चालला.

आणि तो डान्स! हात कोपरात किंचित वाकवलेले, पाय जेमतेम उचललेले, कंबर एका ठेक्यात, चेहरा एकदम खुशीत. फार काही करतच नाहीत दादा, पण नजर हलत नाही. मला वाटतं ही फायटरची चाल आहे. वर्षानुवर्षं उड्या मारलेल्या माणसाला तोल कुठं असतो ते माहीत असतं, म्हणून तो उगाच ताकद वाया घालवत नाही. पुढे अमिताभ बच्चननं हीच स्टाईल उचलली आणि त्याच्यामुळे ती गावोगावच्या वरातीत पोचली. गॅदरिंगला ‘मला डान्स येत नाही’ म्हणून मागे बसणारे आपले सिव्हिलचे मित्रसुद्धा वरातीत जे करतात, ते मूळचं भगवानदादांचं.

‘अलबेला’नं पैसा ओतला. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला झाला, आठवड्याच्या सात दिवसांना सात मोटारी असं सांगतात. पण तीच भट्टी पुन्हा जमली नाही. ‘झमेला’ (१९५३) त्याच धर्तीचा होता, तितका चालला नाही. ‘भागम भाग’ (१९५६) मध्ये किशोर कुमारला घेऊन धमाल विनोदी पिच्चर केला. नंतर ‘हंसते रहना’ नावाचा पिच्चर सुरू केला, तो पूर्णच झाला नाही आणि त्यात होतं नव्हतं ते अडकलं. बंगला गेला, गाड्या गेल्या, स्टुडिओ गेला. दादा परत दादरच्या चाळीत, दोन खोल्यांत आले.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचा काळ फार लांब आहे. माणूस शिखरावर दहाएक वर्षं होता आणि चाळीत चाळीसएक. मिळेल ते काम ते करत राहिले. कधी हवालदार, कधी वरातीतला एक, एका गाण्यात चार पावलं नाचून निघून जायचं. शेकडो पिच्चरमध्ये ते असे दिसतात. पूर्वीच्या गर्दीतले बहुतेक लोक फिरकेनासे झाले. सी. रामचंद्र, गीतकार राजेंद्र कृष्ण आणि नट ओम प्रकाश हे मात्र चाळीत भेटायला जात. गीता बाली तर १९६५ मध्येच देवीच्या साथीत गेली होती. गणपतीच्या मिरवणुका दादांच्या चाळीसमोर आल्या की थांबायच्या, बँडवर ‘अलबेला’ची गाणी वाजायची आणि म्हातारे दादा दोन स्टेप करून दाखवायचे.

त्यांच्या स्टंटपटांपैकी फारसं काही आज पाहायला मिळत नाही. हाँगकाँगवाल्यांकडे निदान जुन्या पिच्चरांच्या प्रिंट होत्या, म्हणून चाऊला त्यांची मजेदार नक्कल करता आली. आपल्याकडे नक्कल करायला मूळच उरलं नाही. ज्या उड्यांसाठी या माणसानं हाडं पणाला लावली त्या गेल्या, आणि ज्या नाचात त्यानं काहीच पणाला लावलं नाही तो राहिला.

४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या घरी हृदयविकाराच्या झटक्यानं ते गेले. २०१६ मध्ये शेखर सरतांडेल यांनी त्यांच्यावर ‘एक अलबेला’ हा मराठी पिच्चर केला. मंगेश देसाई भगवानदादा झाले आणि विद्या बालन गीता बाली. मंगेश देसाईंनी ती चाल चांगली पकडली आहे. पण आधी मूळचा १९५१ चा बघा. मोबाईलवर सहज सापडतो. घरगुती रडारडीचे सीन पुढे ढकलले तरी चालतील, गाणी मात्र ढकलू नका, आणि दादांच्या पायांकडे लक्ष ठेवा.