माशीपुढे मत बदलणारा शास्त्रज्ञ : थॉमस हंट मॉर्गन



पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटं आपण हाताने झटकून टाकतो. शास्त्रात हिला फळमाशी म्हणतात. या माशीवर आयुष्य वेचणाऱ्या एका थोर शास्त्रज्ञाची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत.

थॉमस हंट मॉर्गन यांचा जन्म २५ सप्टेंबर १८६६ रोजी अमेरिकेतील लेक्झिंग्टन येथे झाला. १९०४ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाले. आनुवंशिकतेचे मेंडेल यांचे नियम त्यांना पटत नव्हते. गुणधर्म गुणसूत्रांवर असतात, हेही ते मानत नसत.

एका लहानशा खोलीत, दुधाच्या बाटल्यांत, केळी खाऊ घालून त्यांनी माश्या पाळल्या. अंड्यापासून माशी व्हायला जेमतेम दहा दिवस लागत, त्यामुळे पिढ्या भराभर पाहता येत. १९१० साली लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला. त्याच्या नातवंडांत पांढरे डोळे पुन्हा दिसले, पण फक्त नरांत! म्हणजे हा गुण ‘एक्स’ गुणसूत्राशी बांधलेला होता. जे मत आपण खोडत होतो, तेच खरे निघाले, हे मॉर्गन यांनी स्वतःच छापून जाहीर केले.

१९१३ साली त्यांचे विद्यार्थी स्टर्टेव्हंट यांनी जनुकांचा पहिला नकाशा काढला. १९३३ साली मॉर्गन यांना नोबेल पुरस्कार मिळाला. त्याची रक्कम त्यांनी आपल्या मुलांबरोबर स्टर्टेव्हंट आणि ब्रिजेस या सहकाऱ्यांच्या मुलांनाही वाटून दिली. ४ डिसेंबर १९४५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांची माशी मात्र आजही कामावर आहे. तंबाखूचे झाड किड्यांपासून बचावासाठी निकोटीन तयार करते. निकोटीनची वाफ दिलेली माशी सैरभैर होते, तिला बाटलीच्या भिंतीवर नीट चढता येत नाही. अळीच्या खाण्यात निकोटीन मिसळले, तर कमी अळ्या जगतात आणि उरलेल्यांना माशी व्हायला जास्त दिवस लागतात. निकोटीन मज्जातंतूंच्या ज्या प्रकारच्या दारांतून माशीवर काम करते, त्याच प्रकारची दारे आपल्याही शरीरात आहेत. गुटख्याची पुडी स्वस्त वाटते, तेव्हा हे आठवावे. पालकांनीही मुलांसमोर तंबाखू मळण्यापूर्वी विचार करावा, ही आमची नम्र विनंती.

आणि मुलांनो, पुरावा समोर आल्यावर मत बदलण्यात कमीपणा नसतो. आम्ही शिक्षकांनीही हे मॉर्गन यांच्याकडून शिकायला हवे.