कागलचे सर्जेराव घाटगे : दोन कोटींचा हिशेब

कोल्हापूरच्या दक्षिणेस, पुणे–बंगळूर रस्त्यावर वसलेल्या कागलचे नाव महाराष्ट्र आदराने घेतो ते राजर्षी शाहू छत्रपतींमुळे. १८७४ साली ज्या घाटगे घराण्यात त्यांचा जन्म झाला, त्याच घराण्याने त्यापूर्वी पाऊणशे वर्षे आणखी एक पुरुष मराठी इतिहासाला दिला होता. त्याचे नाव मात्र पुणेकरांनी कधी प्रेमाने घेतले नाही. सखाराम घाटगे ऊर्फ सर्जेराव याचे चरित्र एका क्रूरकर्म्याची हकिकत म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. तो क्रूर होता यात शंका नाही. परंतु तेवढ्याने त्या चरित्राचा अर्थ संपत नाही. रिकाम्या खजिन्यावर उभे असलेले राज्य कशा माणसांना मोठे करते आणि त्या मोबदल्यात काय गमावते, हे या आयुष्यातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होत असेल.

घाटगे हे विजापूरच्या आदिलशाहीपासूनचे मानाचे सरदार घराणे. परंतु मान आणि उत्पन्न ही एकत्रच नांदतात असे नाही. भाऊबंदकीमुळे सखारामाने कागल सोडले, प्रथम परशुरामभाऊ पटवर्धनांच्या व नंतर नाना फडणिसांच्या पदरी चाकरी पत्करली आणि पुण्यात असतानाच दौलतराव शिंद्यांशी संधान बांधले. महादजी शिंदे १७९४ साली वारले होते; त्यांचा वारस दौलतराव अद्याप पोरवयातच होता. सखारामाची कन्या बायजाबाई रूपवान म्हणून प्रसिद्ध होती. तिला दौलतरावाने मागणी घातली आणि कागलच्या या उपेक्षित सरदारास राजकारणाचे महाद्वार उघडले. १७९८ च्या आरंभी पुण्यात हा विवाह मोठ्या थाटाने झाला. जावयाने सासऱ्यास दिवाणगिरी दिली.

येथे हिशेबाचा प्रश्न उपस्थित होतो. शिंद्यांची कवायती पलटणे हे त्या काळातील हिंदुस्थानातले अत्यंत खर्चिक लष्कर होते. त्याच्या पगारासाठी नेमून दिलेले मुलूख उत्तरेत, आणि दौलतराव मात्र फौजेसह पुण्याला ठाण मांडून बसलेला. पगार थकत गेले. दुसऱ्या बाजीरावाने नानांचा काटा काढण्याच्या मोबदल्यात शिंद्यांस दोन कोटी रुपये कबूल केले होते. ३१ डिसेंबर १७९७ रोजी नानांना दगा देऊन कैद करण्यात आले, पण पेशव्याच्या तिजोरीत दोन कोटी नव्हते. तेव्हा ही रक्कम पुण्यातील सधन लोकांकडून वसूल करावी असे ठरले, आणि त्या कामी सर्जेरावाची योजना झाली.

पुढील काही महिने पुण्याने जे भोगले ते परचक्रातही क्वचितच भोगले असेल. सावकार, कारकून, जुने मुत्सद्दी यांना घरांतून ओढून आणण्यात आले. तापविलेल्या तोफांना माणसे बांधून पैसा उकळला गेला. नानांचे आप्त गंगाधरपंत भानू यांचा त्यातच अंत झाला. सर्जेरावाचा हात महादजींच्या विधवा स्त्रियांपर्यंत पोहोचला, तेव्हा मात्र शिंद्यांच्या घरातच बंड पेटले आणि दौलतरावास आपल्या सासऱ्याला अटक करणे भाग पडले. तथापि थोड्याच काळात सर्जेराव सुटला आणि पुन्हा वरचढ झाला. १८०१ साली त्याने होळकरांचे इंदूर लुटले.

या साऱ्याचा दोष एकट्या घाटग्यावर टाकणे बाजीरावाच्या सोयीचे होते. वसुलीला संमती पेशव्याची होती, लाभ शिंद्यांचा होता. सर्जेराव हा दोघांचा हात होता. शिवाय खरी हानी लुटीच्या आकड्यात मोजता येत नाही. पेशवाईचा गाडा सावकारांच्या कर्जावर चालत असे. हंगामापूर्वी सावकाराने रक्कम द्यावी, फौज निघावी आणि मागाहून महसुलातून फेड व्हावी, अशी ती रीत होती. तिचा आधार एकच, विश्वास. ज्या सरकारने धनकोलाच तोफेला बांधले, त्याला पुढल्या वर्षी कोण कर्ज देणार? याच काळात कंपनी सरकार हिंदी सावकारांकडूनच कर्ज काढून आपल्या फौजेचा पगार भागवीत होते. १८०३ साली युद्ध जुंपले तेव्हा शिंद्यांचे अनेक इंग्रज अधिकारी कंपनीच्या आश्वासनावर चाकरी सोडून गेले. असईचा पराभव केवळ रणांगणावर झाला नाही.

सर्जेराव अखेरपर्यंत इंग्रजांचा वैरी राहिला, हे त्याच्या खात्यावर जमा केले पाहिजे. १८०५ साली रेसिडेंट जेंकिन्स यांची छावणी लुटली गेली, त्यामागे त्याचाच हात होता. त्याच वर्षीच्या तहात, शिंद्यांनी सर्जेराव घाटग्यास आपल्या कारभारात घेऊ नये असे कलमच इंग्रजांनी घातले, आणि बायजाबाईस मात्र दोन लाखांची जहागीर दिली. १८०९ साली शिंद्यांच्या छावणीत झालेल्या कलहात सर्जेराव मारला गेला.

त्याचा पुत्र हिंदुराव पुढे दिल्लीस स्थायिक झाला. तेथील टेकडीवरील त्याच्या वाड्याचे नाव आज एका मोठ्या रुग्णालयास आहे. कन्येची कहाणी अधिक उद्बोधक आहे. १८२७ साली दौलतरावाच्या मृत्यूनंतर बायजाबाईने १८३३ पर्यंत ग्वाल्हेरचा कारभार चालविला. उज्जैनीस तिच्या सावकारी पेढ्या होत्या आणि खुद्द कंपनी सरकारने तिच्याकडून लाखो रुपयांचे कर्ज घेतले. काशीच्या ज्ञानवापीवरील खांबांचा मंडप तिनेच बांधविला. १८६३ साली ती वारली.

बापाने सावकार लुटले, लेक स्वतः सावकार झाली. खजिन्यातली तूट हुकमाने भरून निघत नाही. ती कोणाच्या तरी घरातून भरली जाते, आणि ते घर कोणते हे ठरविणाराच आपल्या राज्याची पत ठरवीत असतो. सर्जेरावाने जमविलेल्या रकमेचा आज मागमूस नाही. त्या वर्षी पुण्यात उडालेला विश्वास मात्र पेशवाईला पुन्हा मिळाला नाही, आणि वीस वर्षांतच पेशवाईही उरली नाही.