आनंदीबाई आणि आपलं सीपीआर

परवा भाचीबरोबर सीपीआरला गेले होते. पोर परदेशातून डॉक्टर होऊन आलीय, पण इथली स्क्रीनिंग परीक्षा पास झाल्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही. दोनदा थोडक्यात हुकली, त्यामुळे पार खचलीय.

तिला म्हटलं, आनंदीबाई जोशी आठव. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळ झालं, ते दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून डॉक्टर व्हायचं ठरवलं. गोपाळरावांच्या पोस्टातल्या नोकरीमुळे कोल्हापुरातही राहिल्या. १८८३ मध्ये गोपाळरावांशिवाय अमेरिकेला निघाल्या आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या. ती परदेशी पदवी आपल्या कोल्हापूर संस्थानाने मानली. अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या, म्हणजे आजच्या सीपीआरच्या, स्त्री विभागाचं काम त्यांच्याकडे सोपवलं. पण क्षयाने गाठलं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. वय अवघं एकवीस. इथं रुजू होणं राहूनच गेलं.

भाची बराच वेळ त्या जुन्या इमारतीकडे बघत राहिली. त्यांना मान्यता मिळाली गं, पण वेळ नाही मिळाला. तुझ्याकडे वेळ आहे, एवढंच मी म्हणाले.

रात्री तिच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत जळत होता.