सहाव्या वर्षी येणारी दाढ आणि डॉ. एडवर्ड अँगल

ताप-खोकल्यासाठी आणलेल्या सात वर्षांच्या मुलाचा घसा तपासताना बऱ्याचदा मागच्या दाढेत काळा खड्डा दिसतो. आईवडिलांच्या लक्षात आणून दिले की ते निश्चिंतपणे सांगतात, दुधाचाच दात आहे, पडेल आणि नवीन येईल. पण अनेकदा ती दाढ दुधाची नसतेच. साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, कोणताही दात न पडता ती येते. त्यामुळे ती कधी आली हे घरात कळतही नाही. ही दाढ कायमची असते. ती गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

दातांच्या रचनेत या दाढेला मानाचे स्थान मिळवून दिले ते अमेरिकेतील डॉ. एडवर्ड हार्टली अँगल यांनी. वेडेवाकडे दात तपासताना ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात सरळ करणारे तज्ज्ञ, आजही त्यांनी घालून दिलेली वर्गवारी वापरतात.

मेंढपाळी ते दंतवैद्यक

अँगल यांचा जन्म १ जून १८५५ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील हेरिक येथे, शेतकरी कुटुंबात झाला. पुस्तकांपेक्षा हत्यारे आणि यंत्रे यांत त्यांचे मन रमे. १८७८ मध्ये ते दंतवैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडले. पुढे छातीच्या दुखण्यामुळे त्यांनी गाव सोडले आणि मॉन्टानात मेंढीपालन करून पाहिले. एका कडक हिवाळ्यात मेंढ्या दगावल्या, धंदा बुडाला आणि ते मिनियापोलिसला दंतवैद्यकाकडे परतले. १८८६ पासून ते मिनेसोटा विद्यापीठात शिकवू लागले.

सुरुवातीला त्यांचा विषय होता कृत्रिम दात. कवळी नीट काम करायची तर वरच्या आणि खालच्या दाढा एकमेकींवर बरोबर बसाव्या लागतात. हाच विचार त्यांनी नैसर्गिक दातांना लावला. त्या काळी वाकडा दात दिसला की तेवढाच ढकलायचा किंवा काढून टाकायचा, अशी पद्धत होती. अँगल मात्र आधी चावा पाहू लागले. १८९२ पासून त्यांनी इतर दंतोपचार बंद करून फक्त हेच काम हाती घेतले.

तीन प्रकार

१८९९ मध्ये त्यांनी आपली वर्गवारी प्रसिद्ध केली. तिचा आधार होती सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ.

- पहिला प्रकार : वरची आणि खालची दाढ एकमेकींशी योग्य जुळतात, पण इतर दातांची गर्दी असते किंवा ते वाकडे असतात.
- दुसरा प्रकार : खालची दाढ असायला हवी त्यापेक्षा मागे असते. अशा मुलांचे वरचे दात बहुधा पुढे आलेले दिसतात.
- तिसरा प्रकार : खालची दाढ पुढे असते. अनेकदा खालचे पुढचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात.

१९०० मध्ये त्यांनी सेंट लुईस येथे या विषयाची स्वतंत्र शाळा काढली. तिथे शिकलेले डॉक्टर देशोदेशी गेले. दातांवर बसवायची साधने ते स्वतः तयार करत आणि सतत सुधारत. १९२८ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, त्यांनी चौकोनी खाचेत बसणाऱ्या चौकोनी तारेची पद्धत प्रसिद्ध केली. आज लावल्या जाणाऱ्या बहुतेक ब्रेसेस तिचीच सुधारलेली रूपे आहेत.

हट्ट आणि चूक

अँगल स्वभावाने हट्टी होते. प्रत्येक तोंडात सगळे दात मावतात, जागेसाठी दात काढणे चूकच, असे त्यांचे ठाम मत होते. दात योग्य जागी आणून चावा सुधारला की त्याभोवतीचे हाड वाढेल, असे ते मानत. डॉ. कॅल्विन केस यांना हे मान्य नव्हते. १९११ मध्ये या वादाने मोठे रूप घेतले आणि अँगल यांच्या बाजूची सरशी झाली.

११ ऑगस्ट १९३० रोजी अँगल यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांना दिसले की दात न काढता उपचार केलेल्या काही रुग्णांचे दात पुन्हा वाकडे होत आहेत. त्यांनी अशा रुग्णांचे काही दात काढून नव्याने उपचार केले आणि परिणाम जाहीरपणे मांडले. जबड्याची वाढ मोजणारी एक्स-रे पद्धतही अँगल यांच्या मृत्यूनंतर १९३१ मध्ये आली. त्यामुळे आज केवळ दाढ पाहून निर्णय होत नाही. जबडे, चेहरा, उपलब्ध जागा आणि राहिलेली वाढ हे सगळे पाहून, दात काढायचे की नाही ते प्रत्येक मुलासाठी वेगळे ठरते.

आपल्या मुलासाठी यातून काय घ्यावे?

सहा ते बारा या वयात तोंडात दुधाचे आणि कायमचे दात एकत्र असतात. सातव्या वर्षाच्या आसपास एकदा ऑर्थोडॉन्टिस्टकडून तपासणी करून घ्यावी. तपासणी म्हणजे लगेच तार नव्हे. बऱ्याच मुलांना फक्त अधूनमधून दाखवत राहणे पुरते. वरच्या पुढच्या दोन दातांत या वयात दिसणारी फट अनेकदा सुळे आल्यावर आपोआप मिटते. वरचे दात पुढे असलेल्या मुलांपैकी अनेकांचा मुख्य उपचार थोडे मोठे झाल्यावर केला तरी चालतो. मात्र ते फारच पुढे असतील आणि पडल्यावर मार लागण्याचा धोका असेल, तर लवकर उपचाराचा विचार होतो.

पुढील गोष्टी दिसल्यास थांबू नका :

- खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येणे
- चावताना जबडा एका बाजूला सरकणे
- अंगठा चोखण्याची सवय कायमचे पुढचे दात येऊ लागले तरी न सुटणे
- एका बाजूचा कायमचा दात येऊन सहा महिने झाले तरी दुसऱ्या बाजूचा न येणे
- दुधाची दाढ किडून वेळेआधी काढावी लागणे

शेवटच्या कारणाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. दुधाची दाढ लवकर गेली की मागची कायमची दाढ पुढे सरकते आणि खाली वाट पाहणाऱ्या दाताची जागा अडवते. तशी शक्यता असेल, तर दंतवैद्य ती जागा राखणारे छोटे साधन बसवतात.

आज रात्री दात घासताना मुलाला तोंड मोठे उघडायला सांगा आणि टॉर्च लावून पाहा. मधल्या रेषेपासून मोजत गेल्यावर सहावा दात दिसला, तर तो कायमचा आहे. त्यावर ब्रश पोहोचतो आहे ना, काळा डाग नाही ना, हे नक्की बघा. डाग दिसला तर तो पडण्याची वाट पाहू नका, दंतवैद्यांना दाखवा.