अग्निबाणाचा एकाकी उपासक

१३ जानेवारी १९२० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आपल्या संपादकीय स्तंभातून एका प्राध्यापकास पदार्थविज्ञानाचा धडा दिला. अग्निबाण चंद्रापर्यंत पोहोचू शकेल असे रॉबर्ट गॉडार्ड यांनी प्रतिपादन केले होते. निर्वात प्रदेशात रेटा देण्यास हवाच नसते, एवढे शालेय ज्ञानही या गृहस्थांस नसावे, असा त्या लेखाचा रोख होता. वस्तुतः अग्निबाण हवेला रेटून पुढे जातच नाही. मागे फेकल्या जाणाऱ्या वायूची प्रतिक्रिया त्यास पुढे ढकलते. गॉडार्ड यांनी हे निर्वात नळीत प्रयोग करून सिद्धही केले होते! आम्हां अग्रलेख लिहिणारांनी हा प्रसंग नित्य डोळ्यांसमोर ठेवण्याजोगा आहे.

गॉडार्ड यांचा जन्म १८८२ सालचा, मॅसॅच्युसेट्समधील वूस्टरचा. १८९९ साली चेरीच्या झाडावर फांद्या छाटण्यास चढले असता मंगळापर्यंत जाणाऱ्या यंत्राचे स्वप्न त्यांस पडले. तो १९ ऑक्टोबर हा दिवस ते जन्मभर पाळीत. १९१३ मध्ये क्षयाने गाठले आणि वैद्यांनी आशा सोडली. परंतु पुढच्याच वर्षी या रोग्याने दोन पेटंटे मिळविली : एक अनेक टप्प्यांच्या अग्निबाणाचे, दुसरे द्रवरूप इंधनाच्या वापराचे. आजच्या अंतराळप्रवासाचा पाया या दोन कल्पनांवर उभा आहे.

१६ मार्च १९२६ रोजी ऑबर्न येथे नात्यातील एका बाईंच्या शेतावर पेट्रोल व द्रवरूप प्राणवायू यांवर चालणारा जगातील पहिला अग्निबाण उडाला. अवघी अडीच सेकंदे, ४१ फूट उंची आणि अखेर १८४ फुटांवर कोबीच्या वाफ्यात!

उपहासाचा घाव मात्र खोल गेला होता. लिंडबर्ग यांच्या खटपटीने गुगेनहाइम यांचे द्रव्यसाहाय्य मिळाले आणि १९३० पासून न्यू मेक्सिकोतील रॉझवेलच्या माळावर काम सुरू झाले. घूर्णदर्शीने दिशा राखणारा अग्निबाणही तेथे सिद्ध झाला. पण गॉडार्ड कोणास फारसे जवळ येऊ देत ना. सहकार्यास आलेल्या तरुण संशोधकांनाही त्यांनी दूरच ठेवले. हा त्यांचा दोषच. मात्र तो जडविण्यात वृत्तपत्रांचा वाटा होता, हेही विसरता येत नाही. जर्मनांनी मोठा संघ उभारून १९४४ मध्ये व्ही-२ युद्धात आणला. गॉडार्ड मूठभर मदतनिसांनिशी राबत राहिले.

१० ऑगस्ट १९४५ रोजी घशाच्या कर्करोगाने ते निवर्तले. त्यांच्या पेटंटांच्या वापराबद्दल १९६० साली अमेरिकन सरकारने दहा लक्ष डॉलर मोजले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ची दुरुस्ती १७ जुलै १९६९ रोजी छापून आली, त्या दिवशी तीन अंतराळवीर चंद्राच्या वाटेवर होते.