नाइटिंगेलबाई आणि रोग्याशी बोलणे

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की हाती दिवा घेतलेली बाई डोळ्यांपुढे उभी राहते. मला मात्र त्यांची दुसरीच शिकवण अधिक मोलाची वाटते. रोग्याशी बोलावे कसे, हेही शिकावे लागते, हे त्यांनी ओळखले होते.

जन्म १८२० चा, सुखवस्तू इंग्रज घराण्यातला. घरच्यांचा विरोध असूनही त्या शुश्रूषा शिकल्या. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात ३८ परिचारिकांसह स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या. दगावलेल्या शिपायांच्या घरी त्या स्वतः पत्रे लिहीत. पुढे स्वतःच आजारी पडून वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळल्या. रोग्याची बाजू त्यांना अशी दोन्हींकडून कळली.

त्यांच्या शुश्रूषेवरील पुस्तकात पोकळ धीर देणाऱ्यांवर एक प्रकरणच आहे. दुखणे भारी असता काही झाले नाही म्हणू नये. रोगी सारे जाणून असतो, आणि अशा बोलण्याने त्याला मन मोकळे करायला कोणी उरत नाही. दाराबाहेर कुजबुजू नये. त्याच्या नजरेसमोर बसून बोलावे, मान वळवायला लावू नये. घाई दाखवू नये. खरी आनंदाची बातमी मात्र अवश्य सांगावी. (आपल्याकडे तर समाचाराला गेलेल्या बायका त्याच दुखण्याने कोण कोण गेले, हे उशाशी बसून सांगतात!)

१८६० साली, लोकांनी कृतज्ञतेने जमविलेल्या निधीतून, लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची परिचारिका-शाळा निघाली. तिथल्या शिकलेल्या मुली पुढे ठिकठिकाणच्या रुग्णालयांत गेल्या. बाई १९१० साली, नव्वदाव्या वर्षी वारल्या. ते पुस्तक मात्र त्यांनी मुळात लिहिले होते, ते घरी आजाऱ्याची उस्तवार करणाऱ्या साध्या बायकांसाठी.