ताजुद्दीन बाबा : मौनाचे साधक, नागपूरचे अवलिया

मराठीत अवलिया हा शब्द आपण सहज वापरतो. लोकरीतीची पर्वा न करणारा, आपल्याच तंद्रीत असणारा, तरीही मनाने मोठा असा माणूस या शब्दातून डोळ्यांपुढे उभा राहतो. हा शब्द मूळ अरबी असून सूफी परंपरेत तो ईश्वराच्या निकटवर्तीयांसाठी योजला जातो. विदर्भात मात्र अवलिया म्हटले, की अनेकांना पहिले स्मरण होते ते नागपूरच्या ताजुद्दीन बाबांचे.

बाबांचा जन्म २७ जानेवारी १८६१ रोजी नागपूरजवळच्या कामठी येथे झाला. त्याच वर्षी इंग्रजांनी मध्य प्रांताची स्थापना केली आणि नागपूर ही त्याची राजधानी झाली. आज छत्तीसगडमध्ये असलेला दुर्ग, भिलाई, जामुल हा परिसरही तेव्हा याच प्रांतात मोडत असे. त्यामुळे बाबांची कीर्ती केवळ विदर्भापुरती राहिली नाही. पूर्वेकडे छत्तीसगडच्या गावोगावी ती पोहोचली आणि तेथील भाविकांचा नागपूरशी जडलेला ऋणानुबंध आजही टिकून आहे.

बाबांचे वडील सैन्यात होते. बालपणीच पित्याचे आणि नवव्या वर्षी मातेचे छत्र हरपल्याने आजी आणि मामांनी त्यांचा सांभाळ केला. शाळकरी वयातच कामठीचे सूफी सत्पुरुष हजरत अब्दुल्ला शाह कादरी यांनी या मुलाचे वेगळेपण ओळखले, असे चरित्रकार सांगतात. पुढे कन्हान नदीच्या पुरात मामांचे घरदार गेले आणि विशीच्या उंबरठ्यावर ताजुद्दीन यांनी सैन्यात नोकरी धरली.

पलटणीबरोबर ते सागर येथे गेले आणि तेथे त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. दिवसभराची चाकरी आटोपली, की ते हजरत दाऊद मक्की यांच्या दर्ग्यात जात आणि रात्र ध्यानात घालवीत.

या साधनेला सूफी परिभाषेत मुराकबा असे नाव आहे. राखण करणे, लक्ष ठेवणे हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. ईश्वर आपल्याला सतत पाहत आहे, या जाणिवेने साधकाने स्वतःच्या अंतःकरणावर पहारा द्यावा, असे त्याचे स्वरूप. नामस्मरणाला जिक्र म्हणतात, तर सृष्टीच्या आणि स्वतःच्या चिंतनाला फिक्र. इसवी सन ११११ मध्ये निधन पावलेले थोर विचारवंत इमाम गजाली यांनी आपल्या प्रमुख ग्रंथात मुराकबा आणि चिंतन या विषयांना स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत. या वाटेवर काही साधक इतके ओढले जातात, की त्यांचे व्यवहाराचे भान सुटते. अशांना मज्जूब म्हणतात.

ताजुद्दीन यांचेही तसेच झाले. नोकरी सुटली. काही काळाने ते कामठीला परतले, तेव्हा गावाला ते वेडे भासू लागले. पोरे दगड मारीत, तर दुःखाने गांजलेली माणसे कौल मागायला येत. अखेर १८९२ साली इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांची रवानगी नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात केली. लोकांच्या गर्दीतून सुटण्यासाठी बाबांनीच हे ओढवून घेतले, अशी भक्तांची श्रद्धा आहे.

सोळा वर्षे ते तेथे होते. प्रशासनाच्या दप्तरात ते रुग्ण होते, पण दर्शनासाठी येणाऱ्यांची रांग त्या भिंतींपर्यंतही पोहोचली. मौन, एकांत आणि तंद्री यांना कोणी व्याधी म्हणावे आणि कोणी साधना, हा प्रश्न या सोळा वर्षांनी उभा केला. याच काळात विदर्भात शेगावचे गजानन महाराजही होते आणि त्यांच्याकडेही प्रथम अनेकांनी वेडा म्हणूनच पाहिले होते.

१९०८ मध्ये नागपूरच्या भोसले घराण्याचे राजे रघुजीराव यांनी पुढाकार घेऊन बाबांची सुटका करविली आणि शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात त्यांना सन्मानाने ठेवले. मराठा राजाने एका मुस्लिम फकिराला आपल्या घरात गुरुस्थान द्यावे, यात त्या काळच्या नागपूरला काही वावगे वाटले नाही.

पुढे काही काळ बाबा सावनेर तालुक्यातील वाकी येथे पाटलांच्या आश्रयाला राहिले. तेथील झाडांखालच्या जागांना त्यांनी दवाखाना, शाळा, मशीद अशी नावे दिल्याचे सांगितले जाते. आजाऱ्याने दवाखान्याच्या झाडाखाली, तर विद्यार्थ्याने शाळेच्या जागी बसावे, एवढाच त्यांचा उपचार. स्वतः सोळा वर्षे इस्पितळात काढलेल्या माणसाने उघड्या आकाशाखाली मांडलेला हा दवाखाना होता. त्याला भिंती नव्हत्या.

१७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबांनी नागपूर येथे देह ठेवला. त्यांच्या सहवासात नऊ वर्षे राहिलेले, नात्याने त्यांचे नातू लागणारे कलंदर बाबा औलिया फाळणीनंतर कराचीला गेले. त्यांनी तेथे स्थापन केलेल्या अजीमिया पंथात मुराकबा हीच मुख्य साधना मानली जाते. सागरच्या दर्ग्यात एकट्याने जागवलेल्या रात्रींचा धागा असा सीमेपलीकडेही पोहोचला.

उमरेड मार्गावरील ताजबागेत बाबांची समाधी आहे. मोहरम महिन्याच्या २६ तारखेला तेथे उरूस भरतो. महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश येथून हिंदू आणि मुस्लिम भाविक चादर घेऊन येतात. बाबांनी ग्रंथ लिहिला नाही, प्रवचने दिली नाहीत. ज्या मौनामुळे एकेकाळी त्यांच्यावर वेडेपणाचा शिक्का बसला, त्याच मौनापुढे क्षणभर शांत बसण्यासाठी लोक आजही इतक्या दुरून येतात.